रायफलचा नेम का चुकतो? साईट फिरवण्याआधी हे तपासा

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. त्याआधी २०१० मध्ये कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या ठरल्या होत्या. अशी नावे ऐकून मुले रेंजवर येतात. सुरुवातीला नेम लागत नाही, मग दोष रायफलला किंवा डोळ्यांना दिला जातो. घरच्यांना महागड्या रायफलच्या खर्चात पाडण्याआधी काही साध्या गोष्टी तपासून घ्याव्यात.

चूक किती महागात पडते?

१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो आणि पेलेट ४.५ मिलिमीटरचे. पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये साधारण ८० सेंटिमीटर अंतर धरले, तर त्यांच्या जुळणीत एक मिलिमीटरचा फरक लक्ष्यावर सुमारे साडेबारा मिलिमीटरचा होतो. म्हणजे दहाऐवजी पाच-सहा गुण! अशा खेळात ताकदीपेक्षा प्रत्येक वेळी तीच कृती तशीच करणे महत्त्वाचे.

उभे राहणे

रायफलचे वजन स्नायूंनी नव्हे, हाडांनी पेलायचे. उजव्या हाताच्या नेमबाजाने डावी बाजू लक्ष्याकडे करून उभे राहावे आणि डावे कोपर कमरेच्या हाडावर किंवा बरगड्यांलगत टेकवावे. डावा हात थरथरतोय म्हणजे तो रायफल उचलून धरतोय. त्याला नुसता आधार देऊ द्या.

आता नेम धरा, डोळे मिटा, दोन-तीन श्वास घ्या आणि डोळे उघडा. नळी लक्ष्यापासून सरकलेली दिसली, तर शरीराचा नैसर्गिक नेम तिकडे आहे. हाताने रायफल ओढून आणू नका, पाय थोडे सरकवा. हाताने ओढलेली रायफल चाप दाबताना पुन्हा मूळ जागी जाते आणि गोळी बाजूला लागते. नवख्यांचे बहुतेक गुण इथेच जातात.

डोळा आणि गाल

दस्त्यावर गाल प्रत्येक वेळी त्याच जागी, तेवढ्याच दाबाने टेकला पाहिजे. मागच्या साईटच्या छिद्राच्या बरोबर मध्ये पुढची साईट आणि तिच्या कड्यात काळे लक्ष्य, सभोवती सारखी पांढरी जागा. नजर पुढच्या साईटवर. लक्ष्य किंचित धूसर दिसले तरी चालते. दुसरा डोळा आवळून मिटू नका, त्याने चेहरा ताणला जातो. त्या डोळ्यासमोर पट्टी लावा.

श्वास आणि चाप

श्वास अर्धा सोडून थांबा. आठ-दहा सेकंदांत गोळी सुटली नाही तर रायफल खाली घ्या आणि नव्याने सुरुवात करा. जास्त वेळ ताणले की हात डुलतो, नजरही थकते. पात्रता फेरीत ६० गोळ्यांसाठी ७५ मिनिटे मिळतात, एखादा नेम सोडून द्यायला वेळ पुरतो.

चाप बोटाच्या पहिल्या पेराने सरळ मागे दाबावा. रायफल पूर्ण स्थिर होईल तेव्हा झटक्यात दाबू, असे म्हणाल तर फसाल. रायफल थोडी हलणारच. गोळी सुटल्यावरही एक-दोन सेकंद तसेच राहा. पेलेटला नळीतून बाहेर पडायला काही क्षण लागतात, तेवढ्यात मान वर केली तरी फरक पडतो.

साईट कधी फिरवायची?

एका गोळीवरून कधीच नाही. पाच गोळ्या मारा.

* गोळ्या जवळजवळ, पण बाजूला: तंत्र ठीक आहे, साईट फिरवा. गोळ्या उजवीकडे जात असतील तर मागची साईट डावीकडे.
* गोळ्या चारी दिशांना विखुरलेल्या: साईटला हात लावू नका. उभे राहणे, गाल आणि चाप पुन्हा तपासा.

सराव कसा?

रोज काही वेळ गोळीविना, म्हणजे ड्राय फायरिंगचा सराव करावा. धक्का आणि आवाज नसल्याने चाप दाबताना पुढची साईट कुठे उडते ते स्पष्ट दिसते. पॉइंट २२ रायफलवर रिकामा चाप ओढल्यास इजा होऊ शकते, म्हणून आधी प्रशिक्षकाला विचारा. प्रत्येक गोळीनंतर स्क्रीन पाहण्याआधी ती कुठे लागली असेल ते वहीत लिहा. अंदाज आणि निकाल जुळू लागले की स्वतःची चूक स्वतःलाच कळू लागते.

आणि सगळ्यात आधीचा नियम: नळी कायम लक्ष्याच्या दिशेने, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि रायफल रिकामी असली तरी भरलेलीच समजायची.

बेळगावचा खेळाडू कर्नाटकाकडून खेळतो, कोल्हापूरचा महाराष्ट्राकडून. पण अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका दोघांनाही तेवढाच.