स्ट्रोमा : बंदर आले आणि गाव गेले

१/ स्कॉटलंडचे उत्तर टोक आणि ऑर्कनी द्वीपसमूह यांच्यामध्ये पेंटलंडची सामुद्रधुनी आहे. तिच्यात स्ट्रोमा हे जेमतेम पावणेचार चौरस किलोमीटरचे बेट. तिथे शेते, घरे, चर्च आजही उभी आहेत. कायमची वस्ती मात्र नाही. असे का झाले?

२/ ‘स्ट्रोमा’ हे नाव नॉर्स दर्यावर्दींनी दिलेले. अर्थ : प्रवाहातील बेट. भरती-ओहोटीचे वेगवान प्रवाह आणि उत्तर टोकाजवळचा ‘स्वेल्की’ हा भोवरा यांमुळे इथे अनेक जहाजे फुटली.

३/ तरीही १९०१ मध्ये इथे ३७५ माणसे राहत होती. ओट आणि बटाट्याची शेती, थोडी गुरे-मेंढरे, जोडीला मासेमारी. नांगर धरणारे हातच होडी वल्हवीत.

४/ विसाव्या शतकात तरुण बाहेर पडू लागले. जमिनीचे तुकडे लहान, वीजपुरवठा नाही आणि सुरक्षित बंदरही नाही. माणसे घटली, तशी होडी किनाऱ्यावर ओढायलाही माणूसबळ अपुरे पडू लागले. एका घराचे जाणे मागे राहिलेल्यांचे ओझे वाढवी.

५/ १९५०च्या दशकाच्या मध्यास अखेर बंदर बांधले गेले. त्या कामावर बेटकऱ्यांना रोख मजुरी मिळाली. त्याच सुमारास, १९५५ मध्ये, समोरच्या किनाऱ्यावर डूनरे येथे अणुकेंद्राची उभारणी सुरू झाली. आता पदरी पैसा होता आणि पलीकडे रोजगार.

६/ बेट वाचवण्यासाठी बांधलेल्या धक्क्यावरूनच संसार होड्यांत चढले. १९६१च्या जनगणनेत उरले १२ जण. १९६२ मध्ये अखेरची शेतकरी कुटुंबेही गेली.

७/ त्यानंतर उरले ते १८९६ पासूनच्या दीपगृहाचे रखवालदार. १९९७ मध्ये दीपगृह स्वयंचलित झाले आणि तेही परतले. मूळच्या एका स्ट्रोमाकर कुटुंबाने बेट विकत घेतले होते. त्या शेतांत आता मेंढ्या चरतात.

८/ स्ट्रोमाची जमीन नापीक झाली नव्हती. गवत आजही दाट उगवते. बंदरालाही दोष देता येत नाही. ते पन्नास वर्षे आधी झाले असते, तर त्याने कदाचित गाव राखले असते. उशिरा आल्यामुळे ते निरोपाच्या उपयोगी पडले. ओस पडलेल्या कोणत्याही गावाचा इतिहास वाचताना म्हणूनच दोन तारखा शेजारी मांडून पाहाव्यात : सोय कधी आली आणि तोवर माणसे किती उरली होती.