आवडतं गाणं नेमकं कोणाचं? ऑलमन ब्रदर्स बँड आणि त्यांचे श्रोते

आजचा विषय ऐकून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. इतिहासाच्या व्याख्यानात अमेरिकेतल्या एका ब्लूज-रॉक बँडचं काय काम? पण ‘हे माझं सगळ्यात आवडतं गाणं’ असं जेव्हा हजारो माणसं पिढ्यान्‌पिढ्या म्हणतात, तेव्हा ती नुसती आवड राहत नाही, तो इतिहासाचा पुरावा होतो. डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७५७ सालच्या अभिरुचीवरच्या निबंधात म्हटलं आहे की फॅशन येते-जाते, काळाच्या चाळणीतून जे खाली पडत नाही ते खरं. आज आपण ही चाळणी हातात घेऊन बघणार आहोत, की वर काय उरलं, आणि जे उरलं ते कोणाचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. ऑलमन ब्रदर्स बँड मार्च १९६९ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे जमला आणि लवकरच जॉर्जियातल्या मेकन गावी राहायला गेला. ड्वेन ऑलमन आणि डिकी बेट्स हे दोघे गिटारवर, ड्वेनचा धाकटा भाऊ ग्रेग ऑर्गनवर आणि गायला, बेरी ओकली बेस गिटारवर आणि ड्रम वाजवायला एक नाही, दोघं: बुच ट्रक्स आणि जेमो. यातला जेमो कृष्णवर्णीय. ओटिस रेडिंगसारख्या गायकांच्या साथीला वाजवून आलेला. आता १९६९ सालचा अमेरिकेचा दक्षिण भाग डोळ्यांपुढे आणा. वर्णभेद कायद्याने संपवून जेमतेम पाच वर्षं झालेली. अशा ठिकाणी गोरी आणि काळी पोरं एका गाडीतून फिरतात, एका ताटात जेवतात. मेकनमध्ये लुईझ हडसन या कृष्णवर्णीय बाईंची खानावळ होती. या पोरांच्या खिशात पुरेसे पैसे नसायचे, बाई तरी वाढायच्या. पुढे बँडला पैसा मिळाला तेव्हा त्यांना ते विसरले नाहीत.

आता गाण्यांकडे येऊ. चाहत्यांना विचारलं, तर बोट बहुतेकदा एका अल्बमकडे जातं: ‘ॲट फिलमोर ईस्ट’. न्यूयॉर्कच्या थिएटरात १२ आणि १३ मार्च १९७१ च्या रात्री ध्वनिमुद्रित झालेला, त्याच वर्षी जुलैमध्ये आलेला. दोन तबकड्या, चार बाजू, फक्त सात गाणी. या अल्बमची रचना आपण नीट बघितली पाहिजे, कारण आजचा आपला प्रश्न तिच्यातच दडलेला आहे. पहिल्या तबकडीवर चार गाणी, आणि चारही दुसऱ्यांची: ब्लाइंड विली मॅकटेल, एल्मोर जेम्स, टी-बोन वॉकर आणि विली कॉब्ज या कृष्णवर्णीय कलावंतांची. दुसऱ्या तबकडीवर तीन गाणी, ती तिन्ही बँडची स्वतःची. म्हणजे बघा, आधी ऋण आणि मग स्वतःची कमाई. हे त्यांनी ठरवून केलं असं आम्ही म्हणत नाही. पण ऐकणारा याच क्रमाने जातो.

पहिलंच गाणं ‘स्टेट्सबोरो ब्लूज’. मॅकटेल हा जॉर्जियातला अंध गायक, बारा तारांची गिटार वाजवायचा. हे गाणं त्याने १९२८ साली गायलं. स्टेट्सबोरो हे तो लहानाचा मोठा झाला ते गाव. १९५९ साली तो वारला तेव्हा बाहेरच्या जगाला त्याची फारशी खबर नव्हती. १९६८ मध्ये ताजमहाल या कृष्णवर्णीय गायकाने ते गाणं नव्याने गायलं. ड्वेनने ती तबकडी ऐकली, सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली बोटात चढवली आणि तारांवरून सरकवत ‘स्लाइड’ शिकायला लागला. मॅकटेलकडून ताजमहालकडे, तिथून ड्वेनकडे. आपल्याकडे बंदिश घराण्यातून चालत येते तसाच हा प्रवास. फरक इतकाच, की आपल्याकडे शिष्य गुरूचं नाव घेताना कानाला हात लावतो. इथे अल्बमवर नाव मॅकटेलचंच छापलं आहे. पण गाणं ऑलमनांचं म्हणून लोकप्रिय झालं, आणि मूळ माणूस ते बघायला उरला नव्हता.

दुसरं गाणं ‘व्हिपिंग पोस्ट’, ग्रेगचं. १९६९ च्या पहिल्या अल्बमवर ते साधारण पाच मिनिटांचं आहे. फिलमोरच्या अल्बमवर त्याला अख्खी चौथी बाजू लागते, जवळजवळ तेवीस मिनिटं. सुरुवातीची चाल अकरा मात्रांची: तीन, तीन, तीन आणि दोन. आपल्याकडे रुद्र ताल अकरा मात्रांचा आहे, त्यामुळे ज्यांच्या कानाला ताल आहे त्यांना तिथली ओढ लगेच कळेल. ग्रेगने ती मोजून बांधली नव्हती. या अकरा मात्रा आहेत हे त्याला मोठ्या भावाने सांगितलं.

पण इथे आपण थोडं थांबू. ‘व्हिपिंग पोस्ट’ म्हणजे टिकटी. माणसाला बांधून फटके मारायचा खांब. गाणं प्रेमात पोळलेल्या पुरुषाचं आहे, रूपक म्हणून वापरलेलं. तरीही ज्या जॉर्जियात हा बँड राहत होता, तिथे हा खांब शंभर वर्षांपूर्वी रूपक नव्हता. त्याच्याशी बांधली जाणारी माणसं जेमोच्या पूर्वजांसारखी होती. त्या गाण्यामागे जेमो रोज रात्री ड्रम वाजवत होता, आणि समोरून गर्दी त्याच गाण्याची फर्माईश ओरडत होती. चाहत्यांना दोष द्यायला आम्ही हे सांगत नाही. ब्लूजचं दुःख सगळ्यांना आपलं वाटावं एवढी त्याची ताकद आहे, आणि तसं वाटता वाटता ते दुःख मुळात कोणाचं होतं हे पुसलं जातं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

शब्द नसलेली दोन गाणीही चाहत्यांच्या यादीत कायम असतात, दोन्ही बेट्सची. ‘इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड’ हे नाव मेकनच्या रोझ हिल दफनभूमीतल्या एका थडग्यावरचं. रचना होती दुसऱ्याच एका स्त्रीबद्दल. तिचं नाव झाकायला हे उसनं घेतलं. ‘जेसिका’ ही १९७३ ची, बेट्सच्या छोट्या मुलीच्या नावाची. जँगो राइनहार्ट हा गिटारवादक भाजल्यामुळे डाव्या हाताच्या दोनच बोटांनी सूर वाजवायचा; त्याला मानवंदना म्हणून बेट्सने दोन बोटांत बसेल अशी चाल शोधली. त्याच अल्बमवरचं ‘रॅम्बलिन मॅन’ अमेरिकेच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. एवढ्या वर पोहोचलेलं त्यांचं ते एकच गाणं. तरी पक्के चाहते त्याच्यापेक्षा लांबलचक, रेडिओवर न मावणारी वादनं जवळची मानतात.

ही आनंदी गाणी आली कधी, तेही बघा. २९ ऑक्टोबर १९७१ ला ड्वेन मेकनमध्ये मोटरसायकलच्या अपघातात गेला. वर्षभराने, ११ नोव्हेंबर १९७२ ला, जवळच तशाच अपघातात बेरी ओकली गेला. दोघंही चोवीस वर्षांचे. ज्या रोझ हिलमधून नाव उसनं घेतलं होतं, तिथेच त्यांना पुरलं. ‘जेसिका’चा उत्साह या दोन मृत्यूंनंतरचा आहे हे कळल्यावर ती वेगळी ऐकू येते.

बँड मोडला, पुन्हा जुळला, माणसं बदलली. बेट्स २००० साली बाहेर पडला. १९९९ मध्ये बुचचा पुतण्या डेरेक ट्रक्स आला, जो कॅलिफोर्नियातल्या अली अकबर खाँ यांच्या संगीतशाळेत शिकला होता. त्याच्या स्लाइडमध्ये सरोदची मींड ऐकू येते. मग हा तोच बँड का? थीसियसच्या जहाजाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे: फळ्या बदलत गेल्या, तर जहाज तेच का? श्रोत्यांनी ‘तोच’ असं उत्तर दिलं, कारण त्यांच्या दृष्टीने गाणी टिकली होती. आणि गाणी टिकली ती दर रात्री वेगळी वाजल्यामुळे. म्हणून इथला चाहता नुसतं गाण्याचं नाव सांगत नाही, कोणत्या तारखेचं तेही सांगतो.

शेवटचा कार्यक्रम २८ ऑक्टोबर २०१४ ला न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरात झाला. मध्यरात्र उलटून गेली, म्हणजे ड्वेनच्या मृत्यूची तारीख लागली. ‘व्हिपिंग पोस्ट’ झालं. सगळ्यात शेवटी त्यांनी मडी वॉटर्सचं ‘ट्रबल नो मोअर’ वाजवलं. १९६९ साली ग्रेग आला तेव्हा सर्वांनी मिळून पहिल्यांदा वाजवलं ते हेच. मडीने ते १९५५ मध्ये गायलं होतं, आणि त्याची मुळं स्लीपी जॉन एस्टिसच्या १९३५ च्या गाण्यात आहेत. पंचेचाळीस वर्षांनी निरोप घेताना त्यांनी स्वतःचं गाणं निवडलं नाही, उसनं घेतलेलं निवडलं.

‘आवडतं गाणं नेमकं कोणाचं’ या प्रश्नाचं आमच्या मते हेच उत्तर आहे. ज्याने आधी गायलं त्याचं. ज्याने पुढे नेलं त्याचं. आणि ऐकणाऱ्याचंही, पण ऐकणाऱ्याने पहिली दोन नावं लक्षात ठेवली तर. तेव्हा आज घरी गेल्यावर फिलमोरचं ‘स्टेट्सबोरो ब्लूज’ जरूर ऐका, पण त्याआधी मॅकटेलचं ऐका. छोटंसंच आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ.