हेलिकॉप्टर कोणाचे?

विमान पहिल्यांदा कोणी उडवले असे विचारले, की आपली मुले चटकन राइट बंधूंचे नाव घेतात. १७ डिसेंबर १९०३ ही तारीखही काहींना पाठ असते. पण हेलिकॉप्टर पहिल्यांदा कोणी उडवले, असे विचारून बघा. मुले आपल्या तोंडाकडे बघतात आणि आपण छताकडे! या प्रश्नाला एका नावाचे उत्तर नाही, म्हणूनच तो या अंकासाठी घ्यावा असे आम्हांला वाटले. दुसरेही एक कारण आहे. या कथेतली बरीच माणसे आपल्यासारखीच एक देश सोडून दुसऱ्या देशात आलेली होती.

आधी शब्दाबद्दल. आपण तो 'हेली' आणि 'कॉप्टर' असा तोडतो, पण खरी फोड वेगळी आहे. ग्रीक भाषेत 'हेलिक्स' म्हणजे मळसूत्रासारखा पीळ आणि 'प्टेरॉन' म्हणजे पंख. या दोन्हींवरून फ्रान्समधील पाँतों दामेकूर यांनी १८६१ मध्ये हा शब्द तयार केला. यंत्र उडायच्या कितीतरी आधी त्याचे बारसे झाले होते!

कल्पना तर त्याहून जुनी. काडीच्या टोकाला पाती लावून ती दोन तळव्यांत गरकन फिरवायची आणि सोडून द्यायची, असे बांबूचे खेळणे चीनमध्ये शेकडो वर्षांपूर्वी होते. इटलीतील फोर्लानिनी यांनी १८७७ मध्ये वाफेवर चालणारा एक नमुना सुमारे १३ मीटर उंच उडवला व तो २० सेकंद हवेत राहिला. म्हणजे फिरती पाती वजन उचलतात हे ठाऊक होते. मग घोडे अडले कुठे?

तीन ठिकाणी अडले. पहिली अडचण इंजिनाची. माणसासह यंत्र उचलेल एवढे ताकदवान आणि तरीही हलके इंजिन विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत नव्हतेच. दुसरी अडचण मुलांना घरी करून दाखवता येईल. फिरत्या खुर्चीत बसून पाय उचला आणि दोन्ही हात झटकन उजवीकडे वळवा. खुर्ची डावीकडे वळते. तसेच, वरची पाती एका दिशेने फिरली की खालचा सांगाडा उलट दिशेने फिरू लागतो. तिसरी अडचण सर्वांत चिवट. यंत्र पुढे जाऊ लागले की एका बाजूचे पाते वाऱ्याला सामोरे जाते, त्याची उचल वाढते. दुसऱ्या बाजूचे पाते वाऱ्याबरोबर मागे जाते, त्याची उचल घटते. परिणामी यंत्र एका बाजूला कलंडते. थोडक्यात, वर जाणे एकवेळ सोपे होते, वर गेल्यावर तोल सांभाळणे अवघड.

१९०७ मध्ये फ्रान्समध्ये ब्रेगे बंधू आणि प्राध्यापक रिशे यांचे यंत्र माणसासह जमिनीपासून सुमारे दोन फूट उचलले गेले. पण चार कोपऱ्यांना चार माणसे ते धरून उभी होती, म्हणून त्याला मोकळे उड्डाण म्हणत नाहीत. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला सायकली तयार करणारे पॉल कोर्नू यांनी नॉर्मंडीत आपले यंत्र हातभरही नसेल इतके उचलले. पुष्कळ पुस्तकांत हेच पहिले उड्डाण म्हणून नोंदलेले असते. मात्र त्यांच्या २४ अश्वशक्तीच्या इंजिनाला ते शक्य होते का, अशी शंका नंतरच्या अभ्यासकांनी घेतली आहे.

आता अमेरिकेकडे वळू. रशियातील उलथापालथीनंतर इकडे आलेले गणिती जॉर्ज द बोथेझाट यांनी सैन्यासाठी चार चक्रांचे अवाढव्य यंत्र तयार केले. १८ डिसेंबर १९२२ रोजी ओहायोतील डेटन येथे ते पावणेदोन मिनिटे हवेत राहिले. मात्र ते वाऱ्याबरोबर वाहत जाई, आणि सैन्याने पुढे तो नाद सोडला. त्याच सुमारास मेरीलंडमध्ये एमिल बर्लिनर आणि त्यांचा मुलगा हेन्री प्रयोग करीत होते. हे एमिल म्हणजे ग्रामोफोनचे जनक, १८७० मध्ये जर्मनीतून आलेले. १९२४ मध्ये फ्रान्समध्ये एटिएन एमिशेन यांनी एक किलोमीटरची फेरी पूर्ण केली.

तिसऱ्या अडचणीवर उत्तर मिळाले स्पेनमध्ये. हुआन द ला सिएर्वा यांची यंत्रे वारंवार कलंडत होती. त्यांनी प्रत्येक पात्याच्या मुळाशी बिजागरी बसवली. जास्त वारा मिळाला की पाते वर झुकते, कमी मिळाला की खाली येते आणि दोन्ही बाजू सारख्या राहतात. १९२३ च्या जानेवारीत माद्रिदजवळ त्यांचे 'ऑटोजायरो' उडाले. त्याचे वरचे चक्र इंजिनावर नव्हे, तर वाऱ्यावर फिरे, म्हणून ते हेलिकॉप्टर नव्हे. पण ती बिजागरी पुढे सर्वांच्या कामी आली. १९३६ मध्ये जर्मनीत हेन्रिक फोके यांचे दोन चक्रांचे हेलिकॉप्टर हवे तसे वळवता येऊ लागले.

आता इगोर सिकोर्स्की. जन्म १८८९, कीव शहरात. लहानपणी आईने त्यांना लिओनार्दो दा व्हिंचीच्या उडत्या यंत्राच्या गोष्टी सांगितल्या होत्या. १९०९ मध्ये, विशीत, त्यांनी पहिले हेलिकॉप्टर केले. ते उचललेच नाही. १९१० मधले दुसरे स्वतःचे वजन उचले, पण चालकाचे नाही. तेव्हा त्यांनी तो विषय बाजूला ठेवला आणि विमाने करून रशियात मोठे नाव मिळवले. क्रांतीनंतर सगळे सोडून ३० मार्च १९१९ रोजी ते न्यूयॉर्कला उतरले. विमानांचे काम मिळेना. मग रशियन निर्वासितांना रात्रीच्या वर्गात गणित शिकवून त्यांनी दिवस काढले. १९२३ मध्ये लाँग आयलंडवरील एका कोंबड्यांच्या फार्मवर त्यांनी कंपनी काढली. संगीतकार राखमानिनोव यांनी ५,००० डॉलर घालून हात दिला. आपल्या माणसाला आपल्या माणसाने दिलेला हात काय असतो, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

हेलिकॉप्टर मात्र त्यांच्या मनातून गेले नव्हते. १४ सप्टेंबर १९३९ रोजी कनेटिकटमधील स्ट्रॅटफर्ड येथे, डोक्यावर नेहमीची हॅट घालून ते स्वतः 'व्हीएस-३००' मध्ये बसले. दोर बांधलेले ते यंत्र काही सेकंदच जमीन सोडून राहिले. पहिला प्रयत्न विशीत, हा पन्नाशीत. त्याच डिसेंबरात ते यंत्र वाऱ्याने उलटून मोडले. दुरुस्त केले. १३ मे १९४० रोजी दोराविना उडाले. मागे जाई, आडवे जाई, पण सरळ पुढे नीट जाईना! तेही हळूहळू सुधारले. वर एक मोठे चक्र आणि सांगाडा फिरू नये म्हणून शेपटीला एक लहान चक्र, ही त्यांची मांडणी आजही बहुतेक हेलिकॉप्टरांत दिसते.

हे सारे कशासाठी? ३ जानेवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क बंदराजवळ 'टर्नर' या युद्धनौकेवर स्फोट झाला. खराब हवेत विमाने उडेनात, तेव्हा सिकोर्स्कींच्याच हेलिकॉप्टरने मॅनहॅटनहून जखमींसाठी रक्तद्रव सँडी हुकला पोहोचवला. त्याच एप्रिलमध्ये तसेच एक हेलिकॉप्टर आसामातील लालाघाटहून ब्रह्मदेशात गेले. शत्रूच्या मुलखात अडकलेला एक वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक यांना कार्टर हार्मन यांनी बाहेर काढले. जागा एकाचीच, म्हणून चार खेपा.

मग हेलिकॉप्टर कोणाचे? मुलांनी विचारले तर एकच नाव सांगू नये, असे आम्ही सुचवू. बिजागरी स्पेनची, शब्द फ्रान्सचा, जर्मनीने ते ताब्यात आणले आणि कीवहून आलेल्या एका गणिताच्या मास्तरांनी ते कामाला लावले, असे सांगावे. मूळ 'व्हीएस-३००' मिशिगनमध्ये डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात ठेवले आहे. आणि मेरिट पार्कवेवरून जाताना हाउसाटॉनिक नदीवरचा पूल लागतो, त्यावर सिकोर्स्कींचेच नाव आहे. पूल ओलांडताना मुलांना ते जरूर वाचायला सांगावे.