एकेचाळीस तास

सोमवार, ३१ जानेवारी १८८१, दुपारी सुमारे चार. उरले ४१ तास.

लंडनमध्ये हाउस ऑफ कॉमन्सची बैठक सुरू होते. समोर विषय एकच आहे. आयर्लंडचे मुख्य सचिव विल्यम फॉर्स्टर यांना ‘व्यक्ती व मालमत्ता संरक्षण विधेयक’ मांडायची परवानगी द्यायची की नाही? नावात संरक्षण असलं तरी आत तरतूद आहे ती नुसत्या संशयावरून माणसाला खटल्याविना तुरुंगात डांबण्याची. आयर्लंडमध्ये कुळांची चळवळ पेटलेली आहे. लँड लीगच्या सांगण्यावरून शेतकरी अवाच्या सवा खंड द्यायला नकार देतायत, जमीनदार त्यांना घराबाहेर काढतायत. चळवळीचा नेता चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल याच्यावर डब्लिनला भरलेला खटला आठवड्याभरापूर्वीच ढासळला, कारण ज्युरींचं एकमत होईना. कोर्टात जे जमलं नाही, ते आता कायदा करून करायचं आहे.

पुण्याच्या नातू बंधूंना १८९७ साली १८२७च्या रेग्युलेशनखाली खटल्याविना अटकेत ठेवलं गेलं. ते ज्याला ठाऊक आहे, त्याला हे विधेयक काय होतं ते वेगळं समजावून सांगायला नको.

पार्नेलच्या मागे ठाम उभे राहणारे सदस्य चाळिशीच्या आसपास. सभागृह साडेसहाशेच्या वर. सत्तेवर ग्लॅडस्टन यांचा लिबरल पक्ष, आणि या एका प्रश्नावर समोरचे कॉन्झर्व्हेटिव्हही सरकारच्याच बाजूचे. मतं मोजली की आयरिश हरणार, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे मतं मोजायची वेळच येऊ द्यायची नाही, एवढाच मार्ग त्यांच्यापुढे उरतो.

सोमवार, मध्यरात्र. उरले ३३ तास.

हा मार्ग त्यांनी सहा वर्षांत घासूनपुसून तयार केलेला. त्याचा कर्ता जोसेफ बिगर, बेलफास्टचा डुकराच्या मांसाचा व्यापारी. पाठीला कुबड, आवाज चिरका, वक्तृत्वाच्या नावाने शून्य. २२ एप्रिल १८७५ला आयर्लंडविषयीच्याच एका दडपशाहीच्या विधेयकावर तो चारएक तास बोलला, म्हणजे सरकारी अहवालांतले उतारेच्या उतारे वाचत राहिला. असं सांगतात, की आवाज ऐकू येत नसल्याची तक्रार झाली, तेव्हा बिगर कागद उचलून पुढच्या बाकावर आला आणि म्हणाला, हवं तर पहिल्यापासून पुन्हा सुरू करतो. योगायोग असा, की पार्नेल पहिल्यांदा सभागृहात आला तो त्याच दिवशी.

यातली मेख नीट समजून घेण्यासारखी आहे. तेव्हाच्या नियमांत चर्चा थांबवण्याची सोयच नव्हती. एका प्रश्नावर एका सदस्याला एकदाच बोलता यायचं, पण ‘ही चर्चा तहकूब करा’ असा प्रस्ताव आला की तो झाला नवा प्रश्न. त्यावर सगळ्यांना पुन्हा बोलता येई. तो फेटाळला गेला की ‘सभागृहच तहकूब करा’, आणि पुन्हा सगळे मोकळे. मध्येच कोणी कोरमकडे बोट दाखवलं की चाळीस डोकी मोजून होईपर्यंत काम ठप्प. यातल्या एकाही पायरीवर नियमभंग नाही. उलट नियम जितका काटेकोर पाळावा, तितका वेळ जास्त जातो. १८७७ साली दक्षिण आफ्रिकेच्या विधेयकावर जेमतेम सात आयरिश सदस्यांनी सभागृह सव्वीस तास बसवून ठेवलं होतं.

आत्ता, १८८१च्या या रात्री, ते पाळ्या लावून बोलतायत. एक तुकडी बाकांवर, दुसरी झोपायला. सरकार पक्षानेही पाळ्या लावल्यात, कारण सभागृह रिकामं दिसलं तर कोरम तुटेल. नुसती मांडण्याची परवानगी, पण तिच्यावरच चर्चेचा हा पाचवा दिवस आहे.

मंगळवार, १ फेब्रुवारी, दुपारी बारा. उरले २१ तास.

या दिवसातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सभागृहात घडतच नाही.

स्पीकर हेन्री ब्रँड पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना बोलावून घेतात. ब्रँड एके काळचे लिबरल पक्षाचे मुख्य प्रतोद, १८७२पासून स्पीकर. त्यांच्या सचोटीबद्दल कोणाला शंका नाही. ते ग्लॅडस्टन यांना सांगतात, की ही चर्चा मी माझ्या अधिकारात बंद करून मत घ्यायला तयार आहे. असा अधिकार त्यांना कोणत्याही नियमाने दिलेला नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. ब्रँड दोन अटी घालतात. चर्चा उद्या सकाळपर्यंत चालू द्यायची, म्हणजे परिस्थिती किती गंभीर आहे आणि आपलं पाऊल किती अटळ आहे, ते बाहेरच्या जगाला नीट दिसेल. आणि यापुढे कामकाजाच्या नियमांतच बदल करून सभागृहाला किंवा स्पीकरला जास्त अधिकार द्यायचे. ग्लॅडस्टन मान्य करतात. हे सगळं ब्रँड यांनी स्वतःच पुढे नोंदवून ठेवलेलं आहे, म्हणून आपल्याला कळतं.

मी पुन्हा पुन्हा या बाराच्या ठोक्यापाशी येऊन थांबतो. चर्चा तोडणं मंगळवारी दुपारी आवश्यक होतं, तर ते मंगळवारी दुपारीच करता आलं असतं. ते केलं नाही, कारण आणखी एक रात्र आयरिश बोलत राहिले की लोक त्यांनाच कंटाळतील आणि दोष त्यांच्याच माथी बसेल. अल्पमतवाले वेळ काढत होते हे खरं. पण इथून पुढचे एकवीस तास बहुमताने काढले आणि ते अल्पमताच्या नावावर टाकले. मला यात अन्याय दिसतो, आणि ब्रँड यांच्या सचोटीने तो कमी होत नाही.

मंगळवार, दुपारी चार. उरले १७ तास.

ब्रँड सभागृहात आसनावर बसलेत. त्याच वेळी त्यांच्याच ग्रंथालयात मंत्रिमंडळाची बैठक भरली आहे. कामकाजाच्या नव्या नियमांचा ठराव तिथे पक्का होतो. कॉमन्समधले कॉन्झर्व्हेटिव्हांचे नेते सर स्टॅफर्ड नॉर्थकोट यांना कल्पना दिली जाते. ते दचकतात, पण विरोध करत नाहीत. तिसरा माणूस ज्याला सगळं ठाऊक आहे, तो सभागृहाचा क्लार्क, सर थॉमस अर्स्किन मे. संसदीय कार्यपद्धतीवर त्यांनी १८४४ साली लिहिलेला ग्रंथ आजही आपल्या विधिमंडळांत प्रमाण म्हणून काढला जातो. ज्या माणसाने नियमांचा ग्रंथ लिहिला, तोच आता नियमापलीकडचं निवेदन तयार करायला स्पीकरना मदत करतोय.

भिंतीपलीकडे आयरिश सदस्य बोलतायत.

मंगळवार, मध्यरात्रीच्या सुमारास. उरले नऊ तास.

ठरल्याप्रमाणे ब्रँड आसन सोडतात, उपाध्यक्ष लायन प्लेफेअर बसतात. बोलणाऱ्यांच्या दृष्टीने यात नवल काही नाही, स्पीकरनाही झोप लागतेच. सलग दुसरी रात्र. पाळ्या चालू राहतात.

बुधवार, २ फेब्रुवारी, सकाळी नऊ.

ब्रँड परत येतात. बिगर बोलतोय.

स्पीकर उभे राहतात. स्पीकर उभे राहिले की बोलणाऱ्याने खाली बसायचं, हा नियम आहे, आणि बिगर बसतो. नियमाच्या जोरावर सहा वर्षं लढलेला माणूस त्याच नियमाला मान देऊन गप्प बसला, आणि त्याला पुन्हा उठू दिलं गेलं नाही. ब्रँड लिहून आणलेलं निवेदन वाचतात. बैठक एकेचाळीस तास चालली आहे, नेहमीचे नियम निष्प्रभ ठरले आहेत, नवा आणि अपवादात्मक मार्ग घेणं भाग आहे, आणि आता मी आणखी कोणालाही बोलू देणार नाही. मत घेतलं जातं. १६४ विरुद्ध १९.

हे झालं परवानगीच्या प्रस्तावाला सुचवलेल्या दुरुस्तीवरचं मत. मूळ प्रस्ताव यायच्या आत आयरिश सदस्य जस्टिन मॅकार्थी बोलायला उभे राहतात. परवानगी नाही. मग सगळे आयरिश सदस्य उठतात, ‘विशेषाधिकार! विशेषाधिकार!’ अशा आरोळ्या देतात आणि बाहेर पडतात. मुंबई कायदेमंडळात १९०१ साली जमीन महसुलाच्या विधेयकावर फिरोजशहा मेहता बाहेर पडले आणि गोखले त्यांच्या मागोमाग गेले, तेव्हाही हेच झालं होतं. बोलून उपयोग नाही, मतं हातात नाहीत, मग निदान आपल्या हजेरीने त्या निर्णयाला मान मिळू द्यायचा नाही.

साडेनऊला सभागृह उठतं. विधेयक मांडलं गेलेलं असतं. दुपारी बाराला पुढची बैठक आहेच.

गुरुवार, ३ फेब्रुवारी.

लँड लीगचा संस्थापक मायकेल डेव्हिट याला अटक झाल्याचं गृहमंत्री सर विल्यम हारकोर्ट सभागृहात सांगतात. पंतप्रधान बोलायला उठताच आयरिश सदस्य जॉन डिलन हरकतीचा मुद्दा घेतो आणि बसायला तयार होत नाही. निलंबित. पार्नेल प्रस्ताव मांडतो, की पंतप्रधानांना यापुढे ऐकून घेऊ नये. निलंबित. बाकीचे मतविभागणीच्या वेळी जागा सोडायला नकार देतात. एकूण ३६ निलंबित. समोरची बाकं रिकामी झाल्यावर, त्याच रात्री, स्पीकरना कामकाजाचे नियम ठरवण्याचा अधिकार देणारा ग्लॅडस्टन यांचा ठराव संमत होतो.

त्यानंतर.

विधेयकाचा २ मार्चला कायदा झाला. १३ ऑक्टोबरला पार्नेलला त्याच कायद्याखाली पकडून किल्मेनहॅमच्या तुरुंगात टाकलं. ब्रँड यांनी एका सकाळी स्वतःच्या अधिकारात जे केलं, ते १८८२ साली चर्चाबंदीचा कायमचा नियम झालं. १८८७ साली पुन्हा आयर्लंडच्याच दडपशाहीच्या विधेयकावर पुढची पायरी आली. ठरल्या तारखेला, ठरल्या वेळी, जे कलम चर्चेला आलंच नसेल तेही थेट मताला टाकायचं. त्याला नाव पडलं गिलोटिन. ही दोन्ही हत्यारं पुढे दिल्लीलाही पोचली. लोकसभेत अर्थसंकल्पाच्या अनुदान मागण्यांची मुदत संपली की स्पीकर अजून चर्चेलाच न आलेल्या खात्यांच्या मागण्या एकत्र मताला टाकतात, आणि हजारो कोटी रुपये एकही भाषण न होता मंजूर होतात.