जठराच्या भिंतीतील गाठ नेमकी कोणती? सीटी स्कॅनमधून काय कळते, काय कळत नाही

ॲसिडिटी कमी होत नाही म्हणून दुर्बिणीने तपासणी केली आणि रिपोर्टमध्ये 'सबम्युकोसल गाठ' असे शब्द आले, की घरातल्या सगळ्यांच्या मनात एकच प्रश्न येतो: हा कॅन्सर तर नसेल? यानंतर डॉक्टर बहुतेक वेळा पोटाचा सीटी स्कॅन करायला सांगतात. हा स्कॅन गाठींमधला फरक कसा ओळखतो आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, ते समजून घेऊ.

या गाठी सारख्या का दिसतात?

जठराची भिंत अनेक थरांची असते: आतले अस्तर, त्याखालचा मऊ थर, मग स्नायूंचा जाड थर आणि सर्वांत बाहेर पातळ आवरण. जठराचा नेहमीचा कॅन्सर, म्हणजे ॲडिनोकार्सिनोमा, आतल्या अस्तरातून सुरू होतो. तिथे बहुधा व्रण किंवा खडबडीत भाग दिसतो आणि त्यातून तुकडा घेता येतो.

सबम्युकोसल गाठ मात्र अस्तराच्या खाली असते. वरचे अस्तर गुळगुळीत राहते आणि सतरंजीखाली चेंडू ठेवावा तसा नुसता फुगवटा दिसतो. नेहमीच्या चिमट्याने तुकडा घेतला तर बऱ्याचदा वरचे निरोगी अस्तरच हाती येते. म्हणून बायोप्सी 'नॉर्मल' आली तरी गाठीचा प्रश्न सुटलेला नसतो.

नाव कळणे का महत्त्वाचे?

या फुगवट्याखाली मुख्यतः चार गोष्टी असू शकतात.

जिस्ट ही आतड्याच्या हालचालींची लय राखणाऱ्या पेशींशी नाते असलेली गाठ. ती लहान असताना अनेकदा शांत असते, पण कॅन्सरसारखी वागण्याची क्षमता तिच्यात असते. लायोमायोमा ही स्नायूंची साधी गाठ. श्वानोमा ही मज्जातंतूंच्या आवरणातून येणारी, जवळजवळ नेहमी साधीच असणारी गाठ. चौथी तर खरी गाठच नव्हे: जन्मापासून जठराच्या भिंतीत राहून गेलेला स्वादुपिंडाचा छोटा अंश.

पूर्वी जिस्टच्या अनेक गाठींना लायोमायोमाच म्हटले जाई. १९९८ साली जपानी संशोधकांनी जिस्टमधील 'किट' या जनुकातला बदल दाखवून दिला आणि या गाठीची वेगळी ओळख पक्की झाली. पुढे २००२ साली इमॅटिनिब या गोळीला अमेरिकेत जिस्टसाठी मान्यता मिळाली. ही गोळी लायोमायोमावर किंवा श्वानोमावर उपचार नाही. म्हणजेच नाव बदलले की उपचारही बदलतो.

रेडिओलॉजिस्ट काय पाहतात?

सीटीमध्ये प्रत्येक भागाची घनता आकड्यात मोजता येते. पाण्याचा आकडा शून्य, तर चरबीचा उणे १०० च्या आसपास असतो. त्यामुळे चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, सीटीवरच जवळजवळ खात्रीने ओळखता येते. इतर गाठींसाठी खुणा जोडून पाहाव्या लागतात: जागा, वाढीची दिशा, आतली रचना, शिरेतून दिलेले कॉन्ट्रास्ट औषध गाठीत किती आणि केव्हा पोहोचते, आणि आजूबाजूच्या लसिका ग्रंथी.

*जिस्ट:* जठराच्या वरच्या व मधल्या भागात जास्त आढळते. अनेकदा ती जठराच्या बाहेरच्या बाजूला वाढते. मोठी झाली की आत रक्तस्राव होतो किंवा काही भाग मृत होतो, त्यामुळे कॉन्ट्रास्टनंतर ती एकसारखी दिसत नाही. पसरली तर बहुधा यकृतात किंवा पोटाच्या आतल्या आवरणावर पसरते.

*लायोमायोमा:* अन्ननलिका जठराला मिळते त्या भागात जास्त आढळते. ती आतून एकसारखी असते, कॉन्ट्रास्ट कमी घेते आणि बहुधा जठराच्या पोकळीकडे वाढते.

*श्वानोमा:* मोठी झाली तरी बऱ्याचदा आतून एकसारखीच राहते. कॉन्ट्रास्ट हळूहळू घेते, त्यामुळे उशिरा काढलेल्या प्रतिमांत अधिक उजळ दिसते.

*स्वादुपिंडाचा अंश:* जठराच्या खालच्या टोकाजवळ, चपटा, लांबट आणि कडा अस्पष्ट असलेला. तो साधारण मूळ स्वादुपिंडाइतकाच उजळतो.

*ग्लोमस ट्युमर:* ही दुर्मीळ गाठही खालच्या भागात आढळते. तिच्यात रक्तवाहिन्या भरपूर असल्याने ती कॉन्ट्रास्टच्या पहिल्या टप्प्यातच ठळक उजळते.

'लिम्फ नोड्स वाढले आहेत' म्हणजे पसरला का?

या ओळीने सर्वांत जास्त घबराट होते. नेहमीच्या जठराच्या कॅन्सरमध्ये वाढलेल्या ग्रंथी प्रसाराची खूण असू शकतात, आणि लिम्फोमामध्येही ग्रंथी वाढतात. पण अस्तराखालच्या गुळगुळीत गाठीशेजारी ग्रंथी वाढल्या असतील, तर अर्थ उलटाही असू शकतो. जिस्ट सहसा लसिका ग्रंथींत पसरत नाही. श्वानोमाभोवतीच्या ग्रंथी मात्र निव्वळ सुजेमुळे वाढलेल्या आढळतात. तरुण वयात होणाऱ्या एका प्रकारच्या जिस्टमध्ये ग्रंथींत प्रसार होऊ शकतो, म्हणून वय आणि इतर खुणा एकत्र पाहूनच निष्कर्ष काढतात. रिपोर्टमधली ही एकच ओळ वाचून घाबरू नका.

सीटीच्या मर्यादा

वर दिलेल्या खुणा एकमेकींत मिसळतात. २ सेंटिमीटरपेक्षा लहान जिस्टही एकसारखी दिसते आणि लायोमायोमासारखी भासते. जिस्ट किती धोकादायक आहे हे आकार, जागा, गाठ फुटली आहे का आणि पेशी किती वेगाने विभागत आहेत, यांवर ठरते. पेशींचे विभाजन सीटीत दिसत नाही. म्हणून रिपोर्टमध्ये 'शक्यता' किंवा 'सजेस्टिव्ह ऑफ' असे शब्द असतात. तो टाळाटाळीचा भाग नसून प्रामाणिकपणा आहे.

पुढची पायरी बहुधा एंडोस्कोपिक सोनोग्राफीची असते. दुर्बिणीच्या टोकावरच्या सोनोग्राफीने गाठ कोणत्या थरात आहे ते दिसते आणि तिथूनच सुईने नमुना घेता येतो. प्रयोगशाळेत विशेष तपासणी होते: सीडी ११७ आणि डॉग १ पॉझिटिव्ह असतील तर जिस्ट, डेस्मिन असेल तर लायोमायोमा आणि एस १०० असेल तर श्वानोमा, अशी दिशा मिळते. जिस्ट नाजूक असते, रक्तस्राव होऊ शकतो किंवा पेशी सांडू शकतात, म्हणून पोटावरून थेट सुई घालणे शक्यतो टाळतात. गाठ सहज काढता येण्यासारखी असेल तर आधी नमुना न घेताही शस्त्रक्रिया ठरू शकते.

अन्ननलिकेच्या तोंडाशी असलेल्या गाठीबाबत ही खात्री विशेष मोलाची आहे. तिथली शस्त्रक्रिया मोठी असते आणि नंतर खाण्यापिण्याचे त्रास उरू शकतात. त्रास न देणारा लायोमायोमा असेल तर बहुधा नुसते लक्ष ठेवणे पुरते.

स्कॅनची तयारी

- केंद्राने सांगितले असेल तितके तास उपाशी राहा. टेबलावर जाण्यापूर्वी बरेच पाणी प्यायला देतात. जठर फुगले तरच भिंत नीट दिसते, म्हणून ते पाणी टाळू नका.
- आधी कॉन्ट्रास्टची ॲलर्जी झाली असेल, किडनीचा किंवा थायरॉइडचा आजार असेल, गर्भधारणेची शक्यता असेल, तर आधीच सांगा.
- मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल तर ती थांबवायची का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बंद करू नका.
- औषध शिरेत जाताना अंगभर गरम वाटते, तोंडाला धातूसारखी चव येते. हे क्षणभरच असते. खाज आली किंवा श्वास अडकला तर लगेच सांगा.
- जुने स्कॅन सोबत न्या. गाठ वाढते आहे का, हे तुलनेतूनच कळते.

डॉक्टरांना हे विचारा

- गाठ किती मोठी आहे आणि नेमकी कुठे आहे?
- सर्वांत जास्त शक्यता कोणत्या गाठीची, आणि कोणत्या खुणांवरून?
- नमुना घेण्याने उपचाराचा निर्णय बदलणार आहे का?
- नुसते लक्ष ठेवायचे असेल तर पुढची तपासणी कधी?

कधी थांबू नये?

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौचास होणे, चक्कर येऊन घाम फुटणे किंवा पोटात अचानक तीव्र दुखणे यांपैकी काहीही झाले, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. गाठीतून रक्तस्राव होत असू शकतो, आणि अशा वेळी तिचे नाव शोधण्याआधी रक्तस्राव थांबवणे गरजेचे असते.