मोत्यांचे कोंदण

एखादी वस्तू आपल्या जागी चपखल बसली, की तिला कोंदण लाभले असे आपण म्हणतो. हा वाक्प्रचार आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे, की त्यामागे कोणा कारागिराचे हात आहेत, त्याचे मोजमाप आणि त्याचा पणाला लागलेला धीर आहे, याचे स्मरण सहसा कोणाला होत नाही. स्तुती होते ती हिऱ्याची किंवा माणकाची. सोनाराने बनविलेल्या कोंदणाची कीर्तीही त्या रत्नाच्या नावावरच जमा होते. मग ज्या कोंदणात धातूची भिंतच नाही, जे केवळ मोत्यांच्या किंवा मण्यांच्या एका कड्याने आणि त्यांतून फिरविलेल्या तारेने वा धाग्याने सिद्ध होते, त्याचा इतिहास कोणी लिहून ठेवला नाही यात नवल ते काय! बारामती आणि इंदापूर या दोन कसब्यांच्या आश्रयाने त्या इतिहासाचा जेवढा धागा हाती लागतो, तेवढा येथे उलगडून पाहण्याचा माझा विचार आहे.

आपल्या जुन्या दागिन्यांतील खडा बहुधा पैलू पाडलेला नसे. माणिक असो, पाचू असो, तो घोटून गुळगुळीत करावयाचा, वरून घुमटासारखा आणि तळाशी सपाट ठेवावयाचा, अशी रीत होती. कारण घासून पैलू पाडताना रत्नाचे वजन घटते, आणि ज्या काळी रत्न म्हणजे आपत्काळासाठी राखलेले धन होते, त्या काळी ते घटविणे शहाणपणाचे नव्हते. असा घुमटदार खडा सोन्यात बसवावयाचा झाला तर जडावाचे काम करणारा कारागीर त्याच्या मापाचे 'घर' घडवी, घरात लाख भरी, खड्याचे तेज खुलावे म्हणून त्याखाली डांक घाली आणि शुद्ध सोन्याची पातळ पट्टी दाबून दाबून कडा बंद करी. हे कोंदण बळाने धरते. एकदा बसले की पिढ्यान्‌पिढ्या हलत नाही.

मोत्यांच्या कोंदणाचा न्याय निराळा आहे. तेथे बळाचा काही उपयोग नाही, सारी मदार मापावर. खडा आणि मोती सारख्याच रुंदीचे असतील तर खड्याभोवती बरोबर ६ मोती एकमेकांना खेटून बसतात, पाचही नाहीत आणि सातही नाहीत. खडा मोत्याच्या सुमारे सव्वापट किंवा किंचित अधिक रुंद असेल तर ७ बसतात, दीडपटीहून थोडा मोठा असेल तर ८, आणि तिपटीच्या जवळ आला तर १२. भूमितीचा हा नियम दागिने ओवणाऱ्या पटवेकऱ्याला कोणी पाठशाळेत शिकविला नव्हता. परंतु चाळणीतून निवडलेल्या मोत्यांची रास समोर पसरून, खडा मध्ये ठेवून, एकेक मोती भोवती लावून पाहताना तो त्याच सिद्धान्ताला रोज नव्याने पोहोचत असे. एक मोती अधिक झाला की कडे उचलून धनुष्यासारखे वाकते. एक कमी पडला की फटीतून दोरा दिसतो आणि खडा आत डुगडुगतो. शिवाय खडा वर निमुळता होत जाणारा, म्हणून त्याच्या कमरेवरून एक कडे गेल्यावर त्याच्या वर किंचित बारीक मोत्यांचे दुसरे कडे घालून धागा ओढून घ्यावा लागे. वरचे कडे खालच्याहून लहान असणे हीच खड्याला निसटू न देणारी खरी मेख होय.

पटवेकरी ही जात आणि हा धंदा आज अनेकांना केवळ आडनावावरून ठाऊक असेल. रेशमी गोंडे, करगोटे, बाजूबंदांचे दोर आणि दागिन्यांची गुंफण हे त्यांचे काम. सरकारने १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात जिल्ह्यातील कारागिरांच्या नोंदीत त्यांचाही समावेश आहे. सोनाराचे स्थान मात्र याहून भक्कम होते. गावगाड्यात तो हक्कदार असे, आणि पोतदार या नात्याने सरकारी वसुलात येणारी नाणी पारखून, खोट्या नाण्यास बाजूला सारून, हिणकसावर बट्टा ठरविण्याचे काम त्याच्याकडे असे. म्हणून वतनाच्या कागदांत सोनार सापडतो. पटवेकऱ्याचा हात मात्र ज्या वस्तूवर फिरला, त्या वस्तूतच शोधावा लागतो.

बारामती हे अशा वस्तूंना साजेसे ठिकाण होते. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईक जोशी यांचा कोटासारखा भक्कम वाडा अद्याप उभा आहे. हे घराणे सावकारीत इतके मातबर होते, की पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई या घरात आबाजी नाईकांना दिली होती, आणि १७४० साली बाजीराव निवर्तल्यावर नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने बाबूजी नाईकांनी शाहू महाराजांपुढे मोठा नजराणा ठेवून पेशवाईचीच मागणी केली होती. पेशवाईची वस्त्रे मिळाली बाळाजी बाजीरावास. परंतु ज्या घरातून असा नजराणा निघू शकतो, त्या घरातील लेकी-सुनांच्या नाकी-कानी बसऱ्याचे मोती झळकत असणार, हे सांगण्यास यादी पाहावयास नको. पूर्वेस इंदापूर, निजामशाहीच्या धामधुमीत मालोजीराजे भोसले तेथे लढता लढता पडले, आणि त्यांची गढी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. इंदापूर तालुक्याच्या टोकाशी नीरा-नरसिंहपूर, जेथे नीरा भीमेस मिळते आणि अनेक घराणी आपल्या कुलदैवताच्या दर्शनास येतात. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीवरून इंदापूरकडे जाते, तेव्हा याच वाटेवर हजारो कंठांत तुळशीच्या मण्यांची माळ असते. मोत्याची नथ आणि तुळशीची माळ यांच्या मोलात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ओवणाऱ्या बोटांची विद्या मात्र एकच.

आणि याच बारामतीत, याच नाईकांच्या आश्रयाने, मोरोपंत राहिले. १७२९ साली पन्हाळ्यास जन्मलेला हा कवी १७९४ साली बारामतीसच देह ठेवता झाला. पंतांनी रामकथा शंभराहून अधिक प्रकारांनी सांगितली. त्यांपैकी 'निरोष्ठ रामायणा'त ओठांना ओठ लावणारे एकही अक्षर नाही. 'यमके जुळविणारा कवी' म्हणून त्यांना हिणविणाऱ्यांनी क्षणभर पटवेकऱ्याच्या ओसरीवर बसून पाहावे. अर्थाचे माणिक मध्ये ठेवून त्याभोवती नेमक्या मापाची अक्षरे निवडणे, एक अक्षर अधिक झाले तर चरण वाकतो आणि एक उणे झाले तर फट पडते म्हणून पुन्हा सारी ओळ सोडून नव्याने गुंफणे, हे काम ज्याने जन्मभर केले, त्याला केवळ कारागीर म्हणताना आपण कारागिरीचाच अर्थ संकुचित करतो. आपल्या भाषेने 'ओवी' हा शब्द 'ओवणे' या क्रियेशेजारी ठेवला आहे. त्या शेजाराची थोरवी बारामतीत जेवढी प्रत्ययास येते तेवढी अन्यत्र क्वचितच येत असेल.

मोत्यांच्या कोंदणाची एखादी जुनी नथ हाती आली तर ती पुढून न पाहता मागून पाहावी. पुढे मोत्यांचा तोल सावरलेला असतो, मध्ये गुलाबी किंवा तांबडा खडा हसत असतो; मागे मात्र सोन्याच्या केसासारख्या तारा एका मोत्यातून निघून दुसऱ्यात शिरतात, परत फिरतात, एकमेकींना पीळ घालून गपचूप थांबतात. मोत्यांची भोके इतकी बारीक असतात की साधी सुई त्यांत जाऊ नये. कारण नैसर्गिक मोत्याचे मोल त्याच्या वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात चढते. जव्हेरी ज्या परिमाणाला 'चव' म्हणत, ते याच हिशेबाचे. म्हणून भोक मोठे पाडणे म्हणजे धन्याचे द्रव्य उडविणे होय. ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा मोजणाऱ्या त्या समाजात एका भोकाच्या रुंदीतही प्रामाणिकपणाची कसोटी होती.

परंतु तार झिजते आणि रेशीम त्याहूनही लवकर कुजते. मेणावर घासून घेतलेला धागासुद्धा घामाने, तेलाने आणि वर्षांच्या ओझ्याने सैल होतो. म्हणून दागिने 'गाठवून' घेण्याची चाल होती. लग्नसराईपूर्वी, सणापूर्वी, लेक सासरी निघताना डबा उघडावयाचा, मोती मोजून द्यावयाचे, कारागिराने ते घरच्या माणसादेखत ओवून मोजून परत करावयाचे. मोती आजीचेच, खडाही तोच, पण कोंदण प्रत्येक पिढीत नवे. या परंपरेचे मर्म मला येथेच दिसते. सोन्याचे कोंदण टिकते, म्हणून त्याच्या कर्त्याचा विसर पडतो. मोत्यांचे कोंदण नाशवंत, म्हणूनच त्याच्या कर्त्याला घर पुन्हा पुन्हा बोलावीत राहते. त्या नश्वरतेनेच हा धंदा जिवंत ठेवला होता.

पेशवाई १८१८ साली लयास गेली, तरी डबे रिकामे झाले नाहीत. १८७६ च्या महादुष्काळाने या दोन्ही तालुक्यांतील कुणब्यांचे किडूक-मिडूक मात्र सावकाराघरी गेले. त्यानंतर भाटघरचे धरण आणि नीरा डावा कालवा यांनी कोरड्या रानांत पाणी आणले, ऊस उभा राहिला, गुळाची बाजारपेठ वाढली, १९१४ साली दौंडहून बारामतीस लहान आगगाडी आली, आणि १९३० नंतरच्या दशकात इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना सुरू झाला. शेतकऱ्याच्या घरात नवे सोने आले. १८२७ पासूनचा वारसा सांगणारी चंदूकाका सराफ यांची पेढी बारामतीचीच.

मात्र याच सुमारास मोत्याचे जगच बदलले. जपानात मिकिमोतो यांनी १८९३ साली शिंपल्यात अर्धगोल मोती वाढवून दाखविला. पुढे पूर्ण गोल संवर्धित मोती बाजारात आले आणि आखातात बुडी मारून मोती काढणाऱ्यांचा धंदा बसला. एका मापाचे हजारो मोती स्वस्तात मिळू लागले, तेव्हा त्यांतून जुळणारे सात निवडण्याच्या दृष्टीची गरजच उरली नाही. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्णनियंत्रणाचे नियम आले, नवे दागिने १४ कॅरटच्या वर घडविण्यास मनाई झाली आणि सोनारांच्या घरोघरी अन्नान्नदशा ओढवली. त्यांच्या आधाराने जगणाऱ्या पटवेकऱ्याची काय कथा! १९९० साली सुवर्णनियंत्रणाचा कायदा रद्द झाला, तोवर साच्यातून ओतलेली घरे आणि डिंकासारख्या द्रव्याने चिकटविलेले खडे रूढ झाले होते. चिकटविलेला खडा पुन्हा गाठवावा लागत नाही. निखळला की टाकून देतात.

तरीही ही विद्या अगदी नष्ट झाली असे मी म्हणणार नाही. आज घरबसल्या मण्यांचे दागिने करणाऱ्या स्त्रिया काचेच्या बारीक मण्यांनी घुमटदार खडा बांधतात, तेव्हा त्या नकळत त्याच वाटेने चालत असतात. खड्याच्या घेराएवढे ११ नंबरचे मणी सम संख्येत ओवून कडे करावयाचे. पुढच्या फेरीत एकेक मणी सोडून मधल्या खळग्यात नवा मणी बसवीत भिंत उभारावयाची. मग त्याहून बारीक, १५ नंबरचे मणी घेऊन मागची फेरी आवळावयाची. खडा आत ठेवावयाचा आणि पुढची बारीक फेरी त्याच्या खांद्यावर ओढून घ्यावयाची. संख्या विषम झाली तर वीण जुळत नाही, फेरी सैल राहिली तर खडा फिरतो. दुसऱ्याच्या खड्यासाठी मोजलेली संख्या येथे चालत नाही, कारण घोटलेले दोन खडे सहसा एका मापाचे नसतात. साच्याला सारे खडे सारखे. या कामात मात्र प्रत्येक खड्याची नव्याने विचारपूस करावी लागते.

कऱ्हेच्या काठी दोनशे वर्षांपूर्वी हेच घडत असले पाहिजे. मोती मोजून झाले आहेत, खडा मध्ये ठेवला आहे, सात बसले आणि आठव्यापुरती जागा थोडी अपुरी आहे. पटवेकरी काही बोलत नाही, धागा मागे ओढून सातही मोती पुन्हा वस्त्रावर सोडतो, आणि राशीतून केसभर बारीक असे आठ निवडण्यासाठी पहिल्यापासून सुरुवात करतो.