दंडाची गोधडी

आमच्या घरातल्या सगळ्यात जुन्या गोधडीला आजी 'दंडाची गोधडी' म्हणायची. लहानपणी मला वाटायचं, फाटक्या लुगड्याला दंड घालून ते पुन्हा नेसतात, तसाच हिलाही घातला असेल. लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही तिघं भावंडं तिच्याखाली झोपायचो. वरून लुगड्यांचे तुकडे, आत जाड मांजरपाट. पावसाळ्यात तिला तेलाचा वास यायचा आणि तो खोबरेलाचा नव्हता.

एका श्रावणात तिची शिवण उसवली. आजी सुईदोरा घेऊन बसली आणि आतला मांजरपाट बाहेर ओढून तिने मला दाखवला. त्यावर तळहाताएवढा काळपट डाग होता आणि काठाला निळ्या पेन्सिलीने काढलेला, धुऊन धुऊन पुसट झालेला आकडा. "हा ह्यांच्या साच्याचा नंबर," आजी म्हणाली. आजोबांचं नाव तिने आयुष्यात घेतलं नाही, पण त्यांच्या मागाचा नंबर तिला पाठ होता. "डाग साच्याच्या तेलाचा, न् पैसे माणसाचे. असला न्याय होता बाय."

आजोबा संगमेश्वराकडून मुंबईला आले तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. गाववाल्यांच्या गाळ्यात वळकटी टाकायची, पहाटे भोंग्याआधी गिरणीच्या दारात बदली म्हणून उभं राहायचं, मुकादमाने बोट दाखवलं तर आत जायचं. त्या बोटाची किंमत होती. पहिल्या पगारातून मुकादमाला दस्तुरी गेली, दुसऱ्यातूनही गेली. साळखात्यात, म्हणजे विणाईच्या खात्यात, कायम व्हायला त्यांना दोन वर्षं लागली.

आणि मग कापड डागी निघू लागलं. कधी साच्याचं तेल उडायचं, कधी खालून आलेलं सूतच कच्चं असायचं, तार तुटून झिरी पडायची. तपासणारा कारकून ठाण उलगडायचा आणि निळ्या पेन्सिलीने नंबर टाकायचा. पगाराच्या दिवशी त्या ठाणाची गिरणीच्या भावाने किंमत कापून घ्यायचे आणि ठाण विणणाऱ्याच्याच हातात द्यायचे. हा एकट्या आजोबांच्या गिरणीचा दुष्टपणा नव्हता. मुंबईच्या कापडगिरण्यांत ही सर्रास चाललेली रीत होती. बाहेर फेरीवाले उभेच असायचे. ते डाग बघून निम्मेच पैसे द्यायचे. आजोबांचं ते ठाण निम्म्यालाही गेलं नाही.

एका दिवसाचा खाडा झाला की दोन दिवसांचा पगार कापायचे, त्याला 'डबल खाडा' म्हणत. आजी हे शब्द उच्चारताना दोन बोटं वर करायची. ती स्वतः पुढे वाइंडिंगला लागली, तिचेही खाडे झाले, पण तिला राग यायचा तो आजोबांच्या त्या ऐकीव खाड्याचा. आई वारल्याची तार आली म्हणून ते एक पाळी चुकले होते.

आजी सनावळ्या सांगायची नाही, संप सांगायची. "मोठ्या संपाच्या आदल्या दिवाळीचं ठाण," असं ती म्हणाली, म्हणजे ते १९२७चं असणार. मोठा संप १९२८चा. एप्रिलच्या मध्याला सुरू झाला आणि ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते. गिरणी कामगार युनियन उभी राहिली ती याच संपात. माणसांनी भांडी गहाण टाकली आणि बोटीने कोकण गाठलं. आजोबा गावी आले तेव्हा त्यांच्या काखोटीला तेच डागी ठाण होतं. त्याच वर्षी आजी लग्न होऊन घरात आली होती. सासरी तिने शिवलेली पहिली वस्तू ही गोधडी.

त्या संपातली आणखी एक गोष्ट आजोबांनी फार उशिरा, सत्तरी ओलांडल्यावर सांगितली. ती मी गाळू शकत नाही. धोट्यातली कांडी संपली की नवी बसवायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकाला तोंड लावून ओढून घ्यायचं. पाळी बदलली की दुसरा माणूस त्याच धोट्याला तोंड लावणार. एवढ्या कारणावरून दलित कामगारांना साळखात्यात घेत नव्हते आणि चांगला पगार तर त्याच खात्यात होता. १९२८च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. "आम्ही दंडाविरुद्ध ओरडत होतो," आजोबा म्हणाले, "आणि ह्या गोष्टीला मान खाली घालून बसलो. मीही बसलो." त्यानंतर ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटला तो त्या क्षणी.

या माणसांच्या तक्रारी हवेत विरल्या नाहीत, हे मला पुढे वाचताना कळलं. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने देशभर फिरून साक्षी घेतल्या, १९३१ साली अहवाल दिला, आणि त्यातून १९३६चा वेतन प्रदान कायदा आला. तो २८ मार्च १९३७पासून लागू झाला. तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मला कलमांमागे आमची गोधडी दिसत होती. दंड रुपयामागे अर्ध्या आण्याहून जास्त नको. कोणत्या चुकीला दंड होतो, ते आधी पाटीवर लावा. कामगाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय पैसे कापू नका. नुकसानीची भरपाई त्याच्या हयगयीने झालेल्या नुकसानीपुरतीच, एक पैही वर नाही. दंडाची रक्कम मालकाने खिशात घालायची नाही, ती कामगारांच्याच भल्यासाठी खर्च करायची. आणि गैरहजेरी जेवढी, तेवढाच पगार कापायचा. डबल खाड्याला कायद्याची वाट बंद झाली.

गिरणगावात 'दहा तारीख' म्हटलं की सगळ्यांना कळायचं. वाण्याची वही, खानावळीचा हिशेब, पठाणाचं व्याज, सारं दहा तारखेवर. तीही याच कायद्यातली. हजाराहून कमी माणसं असतील तर पगार सात तारखेच्या आत, त्याहून मोठ्या ठिकाणी दहाच्या आत. त्याआधी मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात कितीही लांबायचा.

पण या कायद्यात एक काटा होता. दहा किंवा अधिक कामगार ठरवून, पूर्वसूचना न देता कामावर आले नाहीत, तर प्रत्येकाचा आठ दिवसांपर्यंतचा पगार कापायची मुभा मालकाला होती. एकट्याच्या गैरहजेरीला एकाचा एक न्याय, आणि माणसं एकत्र आली की एकाला आठ. हे कलम वाचून मला आजही संताप येतो.

वडीलही साळखात्यात लागले. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला आणि आमच्या घरातली दहा तारीख गेली ती गेलीच.

गेल्या वर्षी माझी भाची एका दुकानसाखळीत नोकरीला लागली. पहिल्या पगाराची चिठ्ठी दाखवायला आली तेव्हा खूश होती. तीत अर्ध्या दिवसाची कपात होती. "तीन लेट मार्क झाले ना मावशी, मग अर्धा दिवस जातो," ती म्हणाली, पावसात छत्री भिजते म्हणावं तितक्या सहज. मी विचारलं, उशीर किती झाला होता? तिने मोजलंच नव्हतं.

मी माळ्यावरून गोधडी काढली. शिवण जपून उसवली, डाग दाखवला. निळा आकडा आता दिसत नाही, तिथे नुसतं बोट ठेवलं. डबल खाडा म्हणजे काय, ते आजीसारखी दोन बोटं वर करून सांगितलं. जेवढी गैरहजेरी तेवढीच कपात, हा नियम २०१९च्या वेतन संहितेतही तसाच आला आहे, हेही सांगितलं. ती बराच वेळ त्या मांजरपाटावरून हात फिरवत राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने हजेरीच्या यंत्रातल्या नोंदी काढून घेतल्या आणि मॅनेजरला द्यायचं पत्र लिहून मला वाचायला पाठवलं. चार ओळींचं होतं. राग नाही, विनवणी नाही. तीन तारखा आणि त्यांच्यापुढे मिनिटं लिहिली होती: ९, ११, ७. खाली बेरीज, एकूण २७ मिनिटं, आणि तिची सही.